घर कुणाच्या मापाचं?

सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान वागळे इस्टेटमध्ये दोन गर्द्या एकमेकींना छेदून जातात. एक गर्दी ठाणे स्टेशनवरून टीएमटीच्या बसने नाहीतर शेअर रिक्षाने आत येते आणि रोड नंबर १६, २२, २८ अशा नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवरच्या काचेच्या इमारतींत शिरते. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. यांतली कितीतरी माणसं डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळ्याहून आलेली असतात. दुसरी गर्दी किसननगर, श्रीनगर, पडवळनगर, हाजुरीतून बाहेर पडते आणि अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, घाटकोपर, ऐरोलीच्या दिशेने जाते. म्हणजे ढोबळमानाने बोलायचं तर इथे काम करणारे इथे राहत नाहीत आणि इथे राहणारे इथे काम करत नाहीत. संध्याकाळी हाच खेळ उलटा. दोन्ही गर्द्यांतल्या जवळपास प्रत्येकाने आपापलं घर ‘विचार करून’ घेतलेलं आहे.

तो विचार नेमका कशाचा असतो, हा माझा प्रश्न आहे.

वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत, ती मुळात राहण्यासाठी आखलेली नव्हती. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या एमआयडीसीची स्थापना झाली, ती याच वसाहतीतल्या एका छोट्या समारंभात, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत. कारखान्याला लागतं ते सगळं द्यायचं, प्लॉट, पाणी, वीज, रस्ता, असा तो बेत होता. कामगाराला काय लागतं याची यादी त्या मानाने आखूड राहिली. वर्तकनगरसारखी गृहनिर्माण मंडळाची वसाहत जवळ होती, पण येणाऱ्या माणसांना ती पुरणार नव्हती. मग घाटावरून, कोकणातून, पुढे उत्तरेतून आलेल्या माणसांनी इस्टेटच्या कडेकडेने चाळी उभ्या केल्या, चाळींच्या जागी चार-पाच मजली इमारती झाल्या आणि एक अख्खं गाव कारखान्यांना चिकटून वाढलं.

त्या माणसांचं घर निवडण्याचं माप साधं होतं. भोंगा ऐकू येतो का? पहिल्या पाळीला पायी जाता येतं का? दुपारचा डबा पोरगं कंपनीच्या गेटवर देऊन येऊ शकतं का? खोली दहा बाय बाराची, संडास सार्वजनिक, पाणी मोजक्या वेळी. हे कुणी आनंदाने स्वीकारलं होतं असं नाही, पण चटईक्षेत्राच्या आधी त्यांना दिवस दिसत होता. नंतर जमिनीला भाव आला, कंपन्या बंद पडल्या किंवा सवलती मिळतील तिकडे गेल्या, शेडच्या जागी आयटी पार्क उभे राहिले आणि भोंगा थांबला. माणसं तिथेच राहिली. ती का राहिली, याकडे पुढे येतो, कारण माझ्याच म्हणण्याला तिथे थोडा धक्का बसतो.

आज घर घ्यायचं ठरलं की घरात बैठक बसते. बँक किती कर्ज देईल हे आधी कळतं, मग कुठला पट्टा परवडतो ते कळतं, मग रविवारी साइट बघायला जातात. बोलणं होतं ते कार्पेट किती, मजला कितवा, दार पूर्वेला आहे का, जिम आणि स्विमिंग पूल आहे का, मेट्रो आली की भाव किती चढेल, यावर. वडवली-कासारवडवलीच्या साइटवरही हेच आणि शिळफाट्याच्या साइटवरही हेच. हे सगळे प्रश्न घराविषयी आहेत. त्या घरातल्या मंगळवारविषयी एकही नाही.

सॅम्पल फ्लॅट एकदा नीट बघावा. सगळं तिथेच उघड होतं. पलंग नेहमीपेक्षा बारीक असतो, त्यामुळे खोली ऐसपैस वाटते. कपाटांना दारं नसतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक काचेची बरणी आणि दोन लिंबं. मिक्सर नाही, गॅसचा जादा सिलिंडर नाही, पिंप नाही, दळणाचा डबा नाही, चपला नाहीत, औषधांचा खोका नाही. दोरीवर वाळत घातलेलं एकही फडकं नाही! पावसाळ्याचे चार महिने पाच माणसांचे कपडे कुठे वाळणार, हा प्रश्न त्या थंडगार खोलीत विचारायलाच लाज वाटते. जुन्या घरांत माळा असायचा. गणपतीच्या मखराचं सामान, लग्नातली मोठी पातेली, मुलांची जुनी पुस्तकं तिथे चढवता यायची. आता माळा गेला आणि ‘ड्राय बाल्कनी’ आली, तीत वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस आडवाच होऊन आत शिरतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये जे जोडपं राहत असल्याची कल्पना असते ते स्वयंपाक करत नाही, आजारी पडत नाही, त्याला आईवडील नसतात. अशा जोडप्याच्या मापाचं घर आपण वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतो.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. घरातल्या ज्या माणसाच्या दिवसात सवड सगळ्यात कमी, त्याच्या दिवसाच्या मापाने घर घ्यावं. सगळ्यात जास्त कमावणाऱ्याच्या नव्हे, सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याच्याही नव्हे. ज्याच्याकडे सवड आहे तो जुळवून घेऊ शकतो. आठवड्यातून दोनदा ऑफिसला जाणारा नवरा लांबून जाईल, कॉलेजातला मुलगा गाडी बदलून जाईल. ज्याचा दिवस आधीच काठोकाठ भरलेला आहे, त्याच्यावर घराने आणखी एक तास लादला तर तो तास झोपेतून जातो, औषधाच्या वेळेतून जातो नाहीतर मुलाच्या अभ्यासातून जातो. त्याला दुसरीकडून कापायला काही उरलेलंच नसतं.

आणि बहुतेक घरांत हा माणूस कोण असतो, हे काही गुपित नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. पावणेपाच तास विरुद्ध दीड तास. आता यात नोकरी मिळवा. समजा, डोंबिवली पूर्वेला घर आहे, बाईची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एखाद्या बॅक ऑफिसात आहे, मुलगा दुसरीत आहे आणि सासूबाईंना मधुमेह आहे. पाचला उठून पाणी, डबे, मुलाची व्हॅन, सासूबाईंचा नाश्ता, मग रिक्षा, मग लोकल, मग ठाण्यात पुन्हा रिक्षाची रांग. कामावर बसेपर्यंत तिचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो. लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रं कौतुकाने छापतात. त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे, मला कधी उमगलेलं नाही. घर चुकीच्या ठिकाणी घेतलं म्हणून ती मेथी गाडीत निवडावी लागते.

२०२१ पासून महाराष्ट्रात घर केवळ बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चांगली गोष्ट आहे. त्यामुळे घर तिच्या नावावर घेण्याचा विचार पुढे आला, पण तिच्या दिवसावर घर घेण्याचा आला का? सह्या करायला तिला निबंधक कार्यालयात नेतात, त्या दिवशी तिची रजा जाते, एवढाच काय तो तिच्या वेळेचा त्या व्यवहाराशी संबंध.

हिशोब करून बघायला हरकत नाही. लांबच्या घरामुळे रोजचे दोन तास जादा जातात असं धरू. वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरले तर सहाशे तास. कर्ज वीस वर्षांचं, म्हणजे बारा हजार तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे दीड हजार दिवस झाले, पाच वर्षांची पूर्णवेळ नोकरी, तीही बिनपगारी. घराच्या किमतीत हा आकडा कुठलाही एजंट सांगत नाही, कुठल्याही बँकेच्या तक्त्यात तो नसतो. स्विस अर्थतज्ज्ञ ब्रुनो फ्राय आणि अलॉइस श्टुट्झर यांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवलं की ज्यांचा रोजचा प्रवास लांब, ती माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. मोठं घर किंवा बरा पगार ती तूट भरून काढत नाही. त्याचं कारण मला तरी उघड दिसतं. मोठ्या हॉलची सवय सहा महिन्यांत होते आणि मग तो दिसेनासा होतो. गर्दीची सवय होत नाही, कारण गर्दी रोज नवी असते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जिवानिशी गेले. त्या दारात उभं राहणं ही कुणाची हौस नव्हती. कुठल्यातरी घराच्या किमतीतला तो न सांगितलेला भाग होता.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं: हे सगळं परवडणाऱ्यांनी बोलावं, आम्ही परवडेल तिथे घेतो. अर्धं खरं आहे. किसननगरातल्या एका खोलीत दोन कुटुंबं राहतात तेव्हा त्यांच्यापुढे निवड नसते, त्यांना कुणी ‘दिवसाचं माप’ शिकवू नये. पण ज्या मध्यमवर्गाला बँक कर्ज देते त्याच्यापुढे जवळपास नेहमीच दोन घरं असतात आणि दोन्हींच्या किमती एकमेकींच्या आसपास असतात. एक बदलापूरचं नवं कोरं दोन बेडरूमचं, दुसरं ठाण्यात किंवा मुलुंडच्या हद्दीवर जुन्या इमारतीतलं एक बेडरूमचं, बिनलिफ्टचं, भिंतीला ओल असलेलं. आपण पहिलं घेतो, कारण ‘पाहुणे आले तर?’ कल्याणपलीकडच्या कित्येक घरांतली दुसरी बेडरूम गावाहून वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतलेली असते आणि उरलेले दिवस ती इस्त्रीच्या कपड्यांनी व्यापलेली असते. त्या खोलीचं भाडं घरातलं कुणीतरी रोज लोकलच्या दारात उभं राहून भरत असतं.

दुसरं उत्तर गुंतवणुकीचं. लांबच्या घराचा भाव दुप्पट होईल. होईलही. पण राहत्या घराचा भाव वाढल्याचा फायदा ते विकल्यावरच हाती येतो आणि विकलं की पुन्हा तेवढ्याच चढ्या भावाने दुसरं घ्यावं लागतं. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याने ती करावी, त्यात रोज झोपायलाच हवं असं थोडंच आहे? लांबचं घर भाड्याने द्यावं आणि कामाजवळ भाड्याने राहावं, हा उपाय इतका सरळ आहे की तो सुचवला की लोक संशयाने बघतात. सोसायटी त्रास देईल म्हणावं, तर भाड्याने दिलेल्या घरावरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही असा नियम २००१ पासून आहे. खरा अडसर मनातला आहे. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, भाडेकरू म्हणजे अजून स्थिरस्थावर न झालेला माणूस. मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न ‘स्वतःचं घर आहे का?’ ते घर कुठे आहे आणि तिथून मुलीची नोकरी किती लांब, हे साखरपुड्यानंतर कळतं.

भाड्याची बाजू मांडताना हेही सांगायला हवं की अकरा महिन्यांचा करार हा काही राहण्याचा आधार नव्हे. शाळेच्या अर्ध्या वर्षात मालकाने जागा मागितली तर मुलाची शाळा, बाईची नोकरी, म्हाताऱ्यांचा डॉक्टर, सगळं एकदम हलतं. ज्यांना सवड कमी त्यांनाच हा हादरा जास्त बसतो. तेव्हा भाडं हा सरसकट तोडगा नाही. नव्या जोडप्याला, नोकरी दर तीन वर्षांनी बदलणाऱ्याला तो बरा. दहावीचा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेले वडील असलेल्या घराला नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो वागळे इस्टेटनेच घेतलेला आहे. नोकरीजवळ घर घ्या म्हणता, पण नोकरी कुठे टिकते? ज्यांनी भोंगा ऐकून खोली घेतली त्यांची कंपनी गेली, खोली राहिली. मग त्यांचं माप चुकलं का? माझ्या मते नाही. कंपनी गेल्यावरही ती माणसं हलली नाहीत ती केवळ नाइलाजाने नव्हे. मधल्या काळात त्या गल्लीत दुसरंच काहीतरी उभं राहिलं होतं. किसननगरातली एखादी गल्ली आजही बघा. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, वरच्या खिडकीतून समोरच्या खिडकीत वाटी देता येईल इतक्या इमारती जवळ. ऊन खालपर्यंत पोचत नाही. पण तळमजल्यावर गिरणी आहे, इस्त्रीवाला आहे, वाणी आहे, क्लास आहे, दवाखाना आहे आणि उधारीची वही आहे. आई कामावरून आली नसेल तर पोरगं शेजारी जेवतं. तापाने फणफणलेल्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला कुणाला फोन करावा लागत नाही, जिन्यातून हाक मारली तरी चालतं. गावाकडच्या मंडळाची बैठक होते, कुणाच्या पोराला कुठे चिकटवायचं ते तिथे ठरतं. ही सगळी सवडच आहे, फक्त ती घड्याळात दिसत नाही. ज्या बाईची २८९ मिनिटं घरकामात जातात तिच्या दिवसातले तास ही गल्ली वाचवते.

म्हणून माझं आतापर्यंतचं म्हणणं थोडं दुरुस्त करायला हवं. घर कामाजवळ असावं यापेक्षा, जे लवकर हलत नाही त्याच्या जवळ असावं. कंपनी हलते, ऑफिस हलतं, हल्ली तर प्रकल्प संपला की खुर्चीही हलते. स्टेशन हलत नाही. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी १८५३ मध्ये ठाण्याला आली, तेव्हापासून या शहराचा जीव त्याच रुळांना बांधलेला आहे. बाईचं माहेर सहसा हलत नाही, मुलाची शाळा दहा वर्षं हलत नाही. आजीआजोबांना संध्याकाळी जाऊन बसता येईल असा रायलादेवीसारखा तलाव हलत नाही. माहेराजवळ घर घेणं अजूनही आपल्याकडे पुरुषाला कमीपणाचं वाटतं. मुलाला पाळणाघरात न ठेवता आजीकडे ठेवायची ज्यांची इच्छा असते, त्यांनीच नेमकं आजीपासून चाळीस किलोमीटरवर घर घेतलेलं असतं.

वर गल्लीतल्या शेजाराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. घराआधी शेजार ठरवायची पद्धत मराठी मुलखात नवी नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये उभी राहिली, ती आधी माणसं जमली आणि मग इमारती झाल्या या क्रमाने. वांद्र्याचं साहित्य सहवास लेखकांनी एकत्र येऊन वसवलं. बँकवाल्यांच्या, शिक्षकांच्या, पत्रकारांच्या अशा सोसायट्या गावोगाव झाल्या. पुढे हा क्रम उलटला. बिल्डर इमारत बांधतो, फ्लॅट विकतो आणि १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे खरेदीदारांची सोसायटी नंतर स्थापन होते. म्हणजे ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही अशी दोनशे कुटुंबं कागदावर सहकारी होतात आणि पहिल्याच सभेत पार्किंगवरून भांडतात.

पण जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना जरा जपून. आपल्यासारखी माणसं जमवायची म्हटलं की वेगळी माणसं बाहेर ठेवणं आपोआप येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, सहकारी संस्थेला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं असा निकाल दिला. वागळे इस्टेटच्या चेकनाक्यापलीकडे लगेच मुलुंड आहे. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये एका मराठी बाईला, मराठी आहे म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारली गेली आणि केवढा गदारोळ झाला. राग रास्त होता. मात्र त्याच आठवड्यात ठाण्या-डोंबिवलीतल्या किती मराठी घरमालकांनी मुसलमान भाडेकरूला ‘जागा दिली गेली’ असं खोटं सांगितलं असेल? आपल्याला आवडेल तसं जगता यावं म्हणून घर निवडण्याचा हक्क मला मान्य आहे. दुसऱ्याला दारातून परत पाठवणं हा त्या हक्काचा भाग नाही. मला शेजारी हवा तो अडीनडीला दार उघडणारा. त्याच्या ताटात काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही.

आणि सगळ्या मापांच्या आधी एक माप आहे, ज्यावर तडजोड नाही. इमारत उभी राहील का? ४ एप्रिल २०१३ ला शिळ-डायघरला बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. ठाण्यात दर पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी लावते, सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची. किसननगर, लोकमान्यनगर, हाजुरी या पट्ट्यात गल्लीचं जे सुख मी वर वर्णन केलं ते बऱ्याच ठिकाणी अशा इमारतींच्या पोटात आहे, ज्यांना भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळालंच नाही. तिथे कर्ज मिळत नाही, मालकी स्टँप पेपरवर असते, विकायचं तर रोखीने. आणि धोका इमारतीचाच असतो असं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत निवासी विभाग आणि रासायनिक कारखाने एकमेकांना खेटून आहेत. मे २०१६ आणि मे २०२४ च्या स्फोटांत कारखान्यांबाहेरच्या घरांच्याही काचा फुटल्या. कामाजवळ घर असण्याची किंमत तिथे लोकांनी वेगळ्या नाण्यात मोजली. तेव्हा जगण्याला सोयीचं घर म्हणून कुणी कागदपत्रं न बघता सही करणार असेल तर त्याने माझा हा लेख वाचला नसता तर बरं झालं असतं. महारेराचा क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या सोसायटीत अभिहस्तांतरण झालं आहे का, एवढं आधी. मग गल्ली, मग शेजार, मग गिरणी.

किसननगरात आता क्लस्टर, म्हणजे समूह पुनर्विकास योजना, येते आहे. योजनेचा शुभारंभ २०२३ च्या जूनमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते झाला. ते स्वतः याच किसननगरात वाढले आणि १९९७ मध्ये इथूनच नगरसेवक झाले, त्यामुळे ही गल्ली त्यांना नकाशावर शोधावी लागत नाही. धोकादायक इमारती जाऊन सुरक्षित, कायदेशीर घरं मिळणार असतील तर त्याला विरोध करणारा माणूस पावसाळ्यात त्या इमारतींत कधी झोपलेला नसणार. पण अशा पुनर्विकासाचं सर्वेक्षण कसं होतं ते बघा. दाराला नंबर, खोलीचं क्षेत्रफळ, ताबा कधीपासून, वीजबिल कुणाच्या नावावर, आधार कार्ड. पात्र की अपात्र. या रकान्यांमधून ठरतं ते घराचं माप. खालच्या मजल्यावर भाजणी दळून विकणारी बाई विसाव्या मजल्यावर गेल्यावर तिची गिऱ्हाइकं लिफ्टने वर येतील का? इस्त्रीची टपरी कुठे जाणार, क्लास कुठे भरणार? उंच इमारतीतल्या लिफ्टचा, पंपाचा, सुरक्षारक्षकाचा महिन्याचा खर्च आठ-दहा हजार कमावणाऱ्या घराला कसा झेपणार? शेजारी राहणारी दोन घरं, ज्यांची पोरं एकमेकांकडे जेवतात, ती सोडतीत वेगवेगळ्या इमारतींत गेली तर त्या दोन आयांच्या दिवसातले किती तास जातील? हा प्रश्न विचारणारा रकाना कुठल्या अर्जात नसतो. रात्री हातगाडी कुठे लावता, मूल कुणाकडे ठेवता, जवळ कोण राहायला हवं, असे तीन-चार रकाने वाढवले तर सर्वेक्षण करणाऱ्याला प्रत्येक दारात पाच मिनिटं जास्त थांबावं लागेल आणि वाटपाच्या वेळी शेजाऱ्यांच्या जोड्या एकाच मजल्यावर टाकायला संगणकाला फार कष्ट पडणार नाहीत. सोडत निघायच्या आधी हे करता येतं. नंतर नाही.